दगडावर नाव यायला शंभर वर्षे : अमेरिकेतील कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मरण

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत ‘मेमोरियल डे’ पाळला जातो. युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरींवर लहान लहान झेंडे लावले जातात, फुले वाहिली जातात, राजधानीजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत मानवंदना होते. या दिवसाची सुरुवात १८६८ साली झाली, असे सरकारी इतिहास सांगतो. पण त्याच्या तीन वर्षे आधी, १ मे १८६५ रोजी, साऊथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात असाच एक कार्यक्रम झाला होता. तो करणारे लोक काही आठवड्यांपूर्वीपर्यंत गुलाम होते.

चार्ल्सटनमध्ये मळेवाल्या गोऱ्या जमीनदारांचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते. गुलामी टिकवण्यासाठी बंड केलेल्या दक्षिणेच्या फौजेने, म्हणजे कॉन्फेडरेट फौजेने, युद्धाच्या शेवटच्या वर्षी तिथे उघड्यावर कैदखाना केला. पकडलेले उत्तरेचे सैनिक रोगराईने मेले. त्यांना घाईघाईने एकाच खड्ड्यात पुरले गेले. गोरे मालक शहर सोडून पळाल्यावर काळ्या मजुरांनी ते मृतदेह बाहेर काढले, २५७ जणांना एकेकाची वेगळी कबर दिली, भोवती कुंपण घातले, कमान उभारली. मग १ मे रोजी सुमारे १० हजार लोकांची मिरवणूक निघाली. सर्वांत पुढे नव्याने सुरू झालेल्या शाळांतली काळी मुले होती, हातात फुले घेऊन. काळ्या सैनिकांच्या पलटणींनी संचलन केले.

‘पहिला मेमोरियल डे’ कोणता, यावर अमेरिकेत अनेक गावांचे दावे आहेत. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. १० हजार लोकांनी भरदिवसा केलेली ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ इतिहासाच्या पुस्तकांतून गायब होती. १९९० च्या दशकात डेव्हिड ब्लाइट या इतिहासकारांना ती जुन्या कागदपत्रांत सापडली. त्या जागी आज हॅम्प्टन पार्क नावाची बाग आहे. हॅम्प्टन हा कॉन्फेडरेट सेनापती होता.

कोणाचे स्मरण होते, कोण करतो आणि कोणाच्या नावाने होते, हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या काळ्या सैनिकांच्या स्मरणाचा इतिहास आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. एक गोष्ट शब्दाबद्दल. या लेखात आम्ही ‘काळे’ आणि ‘कृष्णवर्णीय’ हे दोन्ही शब्द वापरले आहेत. ‘ब्लॅक’ हा शब्द त्या समाजाने १९६० च्या दशकात स्वतः अभिमानाने उचलला. आपल्याकडे जसा ‘दलित’ शब्दावर वाद झाला, तसा त्यांच्याकडेही नावावर झाला आहे.

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेमागचे युद्ध

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी काळ्यांची गुलामी नष्ट करण्यासाठी त्याग केला. अर्पणपत्रिका वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा गोरे सुधारक आणि अब्राहम लिंकन येतात. पण त्या युद्धात गणवेश घालून लढलेल्यांत काळी माणसेही होती. सुमारे १ लाख ७९ हजार लष्करात आणि सुमारे १९ हजार नौदलात. उत्तरेच्या लष्करात शेवटी दर दहा सैनिकांमागे एक काळा होता. त्यातले बरेच जण मळ्यांवरून पळून आलेले गुलाम होते. सुमारे ४० हजार मेले, आणि त्यांपैकी ३० हजार गोळीने नव्हे तर रोगाने.

युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले तेव्हा काळ्यांना बंदूक द्यायला सरकार तयार नव्हते. १ जानेवारी १८६३ च्या मुक्ती जाहीरनाम्याने भरतीचा मार्ग मोकळा झाला. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून पळालेले वक्ते आणि संपादक गावोगाव भरतीसाठी फिरले. त्यांचा युक्तिवाद सोपा होता : ज्याच्या खांद्यावर देशाची बंदूक आणि अंगावर देशाचा गणवेश आहे, त्याला नागरिकत्व नाकारणे कोणालाही जमणार नाही. त्यांची दोन मुले मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत दाखल झाली.

गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता. काळ्याला १० डॉलर, आणि त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापून हातात ७. ५४ व्या पलटणीने काय केले? पगारच घेतला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्य सरकारने फरक भरून देण्याची तयारी दाखवली, तीही नाकारली. घरी बायकामुले उपाशी, तरी महिनोन्‌महिने बिनपगारी लढले. जून १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. आमच्या मते ही पलटण लक्षात ठेवण्याचे हे कारण तिच्या कोणत्याही लढाईइतकेच मोठे आहे.

लढाई म्हणाल तर १८ जुलै १८६३ ची, चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅगनरवरची. सुमारे ६०० जण किल्ल्यावर चालून गेले. जवळपास निम्मे ठार, जखमी किंवा कैद झाले. झेंडा धरणारा पडला तेव्हा विल्यम कार्नी या सार्जंटने झेंडा उचलला आणि अंगावर अनेक जखमा घेऊन तो परत आणला. कार्नीचा जन्म व्हर्जिनियात गुलाम म्हणून झाला होता. त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, पण १९०० साली. ३७ वर्षांनी.

पकडल्या गेलेल्या काळ्या सैनिकांना दुसरी बाजू युद्धकैदी मानायला तयार नव्हती. टेनेसीतल्या फोर्ट पिलो इथे १२ एप्रिल १८६४ रोजी शरण आलेल्या काळ्या सैनिकांची कत्तल झाली. हे सगळे सोसून मे १८६५ मध्ये युद्ध संपले. राजधानीत दोन दिवस विजयी फौजांचे भव्य संचलन झाले. त्यात काळ्यांची एकही पलटण नव्हती. त्यावर पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग शहरातल्या काळ्या समाजाने त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला आपल्या सैनिकांसाठी स्वतःचे संचलन भरवले. सरकारने बोलावले नाही तर आपण आपल्या माणसांना बोलवायचे. ही सवय त्या समाजाला तेव्हापासून आहे.

बॉस्टनचे शिल्प आणि वॉशिंग्टनची भिंत

५४ व्या पलटणीचा प्रमुख रॉबर्ट गोल्ड शॉ हा २५ वर्षांचा गोरा कर्नल होता. तो वॅगनरवर मारला गेला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. हेतू अपमानाचा होता. नंतर मृतदेह परत आणण्याची गोष्ट निघाली तेव्हा शॉच्या वडिलांनी नकार दिला. आपला मुलगा आपल्या सैनिकांबरोबरच राहावा, असे त्यांचे म्हणणे होते.

३१ मे १८९७ रोजी बॉस्टनमध्ये या पलटणीच्या शिल्पाचे अनावरण झाले. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी त्यावर एक तपाहून अधिक काळ काम केले. मध्यभागी घोड्यावर शॉ, आणि त्याच्या बरोबरीने पायी चालणारे काळे सैनिक. प्रत्येक सैनिकाचा चेहरा वेगळा, खऱ्या काळ्या माणसांना समोर बसवून घडवलेला. त्या काळात काळ्या माणसाचे चित्र बहुधा विदूषकासारखे किंवा गुडघे टेकलेल्या गुलामासारखे काढत. त्या मानाने हे शिल्प फार पुढचे होते. कार्यक्रमाला पलटणीतले वृद्ध सैनिक आले होते, कार्नीही होता.

पण शिल्पावर नावे कोणाची कोरली? मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. काळ्या सैनिकांना चेहरे मिळाले, नावे मिळाली नाहीत. वॅगनरवर मेलेल्या साठहून अधिक काळ्या सैनिकांची नावे शिल्पाच्या मागच्या बाजूला कोरली गेली ती थेट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. नावे कुठून शोधावी लागली असेही नाही. ती पलटणीच्या हजेरीपटात पहिल्या दिवसापासून होती.

१९८९ साली ‘ग्लोरी’ हा चित्रपट आला आणि ही पलटण जगभर पोहोचली. डेन्झेल वॉशिंग्टनला त्यासाठी ऑस्कर मिळाले. चित्रपट चांगला आहे, तरुणांनी जरूर पाहावा. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की तो बराचसा गोऱ्या कर्नलच्या नजरेतून सांगितलेला आहे.

खरी नावांची भिंत जुलै १९९८ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या यू स्ट्रीट भागात उभी राहिली. हा काळ्यांचा जुना मोहल्ला. यामागे फ्रँक स्मिथ होते. ते १९६० च्या दशकातल्या नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते, नंतर शहराच्या परिषदेचे सदस्य. एड हॅमिल्टन या काळ्या शिल्पकाराचे शिल्प मध्ये आहे आणि भोवतीच्या धातूच्या फलकांवर पलटणवार २ लाख ९ हजार १४५ नावे आहेत. वंशज येतात, बोटाने ओळी शोधतात आणि पणजोबाचे नाव सापडले की त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवून घेतात. ज्या घराण्यांना गुलामीमुळे तीन पिढ्यांपलीकडचे काहीच सापडत नाही, त्यांच्यासाठी पलटणीची नोंद हा अनेकदा पूर्वजाचे पूर्ण नाव असलेला पहिला सरकारी कागद असतो. गुलामांच्या गणनेत बहुधा नाव नसेच. फक्त मालकाचे नाव, आणि खाली वय, लिंग, रंग.

हार्लेमची पलटण

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठाला लागूनच हार्लेम. बाबासाहेब लंडनला गेले त्याच १९१६ साली हार्लेममध्ये काळ्यांची एक पलटण उभी राहिली. पुढे ती ३६९ वी इन्फंट्री म्हणून ओळखली गेली, आणि लोकांनी तिला ‘हार्लेम हेलफायटर्स’ म्हटले.

पहिल्या महायुद्धात या पलटणीला इतर अमेरिकी पलटणींच्या निरोपाच्या संचलनात सहभागी होऊ दिले नाही. फ्रान्समध्ये गेल्यावर गोरे अमेरिकी सैनिक त्यांच्या शेजारी लढायला तयार नव्हते, म्हणून अमेरिकेने ही पलटण फ्रेंच फौजेच्या हवाली केली. तिने १९१ दिवस आघाडीवर काढले. मे १९१८ मधल्या एका रात्री हेन्री जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे पहाऱ्यावर असताना जर्मन तुकडीने छापा घातला. रॉबर्ट्स जखमी झाला. गोळ्या संपल्यावर जॉन्सन बंदुकीच्या दस्त्याने आणि शेवटी सुऱ्याने लढला. त्याच्या अंगावर २१ जखमा झाल्या. फ्रान्सने दोघांना ‘क्रॉ द गेर’ हे पदक दिले. अमेरिकेने काही दिले नाही.

१७ फेब्रुवारी १९१९ रोजी ही पलटण न्यू यॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून चालत हार्लेमपर्यंत गेली आणि लाखो लोक रस्त्यावर आले. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टन आणि इतर अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले. इतका रक्तपात झाला की त्या उन्हाळ्याला ‘रेड समर’ म्हणतात. फ्रान्समध्ये बरोबरीची वागणूक मिळालेला काळा सैनिक गणवेशात गावी आला की तोच गणवेश गोऱ्यांच्या डोळ्यात खुपत असे. युद्धाच्या वेळी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ‘द क्रायसिस’ मासिकातून काळ्यांना तक्रारी बाजूला ठेवून लढायला सांगितले होते. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १९१९ मध्ये त्याच मासिकात त्यांनी लिहिले की आता घरच्या अन्यायाविरुद्ध लढायला परतलो आहोत.

जॉन्सन युद्धापूर्वी ऑल्बनी स्थानकावर हमाल होता. तो १९२९ मध्ये वारला. त्याला बेवारसासारखे कुठेतरी पुरले असावे, अशी समजूत कित्येक दशके होती. २००१ च्या सुमारास कळले की तो आर्लिंग्टनमध्येच आहे. कबर होती, दगड होता, पण तिथे कोणी जात नव्हते. ऑल्बनीतल्या माजी सैनिकांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले आणि २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ प्रदान केले. मधे ९७ वर्षे गेली.

फाशी दिलेल्यांच्या कबरी

प्रत्येक आठवण शौर्याची नसते. ऑगस्ट १९१७ मध्ये टेक्सासच्या ह्यूस्टन शहरात २४ व्या इन्फंट्रीचे काळे सैनिक पहाऱ्यासाठी ठेवले होते. तिथले पोलीस त्यांना रोज छळत. २३ ऑगस्टला पोलिसांनी एका काळ्या बाईला घरातून ओढून नेले. मधे पडलेल्या सैनिकाला मारहाण झाली, त्याची चौकशी करायला गेलेल्या कॉर्पोरलवर गोळी झाडली. तो मेला अशी बातमी छावणीत पसरली. शंभराहून अधिक सैनिक शस्त्रे घेऊन शहरात शिरले. त्या रात्री पोलीस, नागरिक आणि सैनिक मिळून सुमारे १९ जण मेले.

लष्करी न्यायालयाने ११० सैनिकांना दोषी ठरवले आणि १९ जणांना फाशी दिली. पहिल्या खटल्यात ६३ आरोपींसाठी एकच बचाव अधिकारी होता. पहिल्या १३ जणांना ११ डिसेंबर १९१७ च्या पहाटे फाशी दिले. अपिलाची संधी नाही, निकालही आधी जाहीर नाही. कबरीवरच्या दगडांवर नुसते नाव आणि मृत्यूची तारीख. हुद्दा नाही, पलटण नाही.

वंशजांनी आणि टेक्सासमधल्या कायद्याच्या अभ्यासकांनी हा विषय सोडला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्कराने सर्व ११० जणांच्या शिक्षा रद्द केल्या. २०२४ मध्ये सॅन अँटोनियोच्या राष्ट्रीय दफनभूमीत नवे दगड बसले, त्यांवर हुद्दा आणि पलटण आली. त्या रात्री निरपराध माणसेही मेली, हे कोणी नाकारत नाही. प्रश्न न्यायाचा होता. गोऱ्या सैनिकांचा असा घाऊक खटला झाला असता का?

दोन विजय, आणि आसामातला रस्ता

जानेवारी १९४२ मध्ये कॅन्ससमधल्या जेम्स थॉम्पसन या कँटीनमध्ये काम करणाऱ्या तरुणाने ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या काळ्यांच्या वृत्तपत्राला पत्र लिहिले. बाहेर हुकूमशाहीवर विजय हवा तसा घरात वर्णभेदावरही हवा, हा त्याचा आशय होता. त्यातून ‘डबल व्ही’ ही मोहीम सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक काळे स्त्री-पुरुष सैन्यात होते. वेगळ्या पलटणी, वेगळ्या बराकी, आणि काही छावण्यांत तर जर्मन युद्धकैद्यांना मिळे ती जागा काळ्या पहारेकऱ्यांना नाही.

बहुतेकांच्या वाट्याला बंदूक आली नाही. फावडे, ट्रक आणि गोदी आली. त्यात एक रस्ता आपल्या देशात आहे. आसामातल्या लेडो गावापासून डोंगर-जंगल कापत बर्मामार्गे चीनच्या रस्त्याला जोडणारा लेडो रोड. तो बांधणाऱ्या सुमारे १५ हजार अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक काळे होते. पाऊस, मलेरिया, दरडी, वर जपानी फौज. एक हजाराहून अधिक अमेरिकी मेले. त्यांच्याबरोबर राबलेल्या हिंदी मजुरांची तर मोजदादही कोणी नीट ठेवली नाही. रस्त्याला नाव मिळाले जनरल स्टिलवेलचे.

या महायुद्धात चारशेहून अधिक ‘मेडल ऑफ ऑनर’ दिली गेली. काळ्या सैनिकांना किती? एकही नाही. लष्कराने १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाला याचा अभ्यास करायला सांगितले आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना पदके दिली. सातांपैकी एकटे व्हर्नन बेकर हयात होते. ६८८८ व्या टपाल बटालियनच्या ८५५ बायांनी मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स यांच्या हाताखाली इंग्लंडमध्ये साचलेली लाखो पत्रे तीन महिन्यांत मार्गी लावली. त्यांना काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला.

सैनिक घरी परतल्यावर काय झाले, हे सांगणारा एक फलक साऊथ कॅरोलायनातल्या बेट्सबर्ग-लीसव्हिल गावात आहे. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी सार्जंट आयझॅक वुडार्ड सैन्यातून मुक्त होऊन बसने घरी चालला होता. अंगावर गणवेश होता. चालकाशी बोलाचाली झाली, त्याने पोलीस बोलावले. पोलीस प्रमुखाने मारहाण करून त्याचे दोन्ही डोळे फोडले. गोऱ्या पंचांनी पोलिसाला अर्ध्या तासात निर्दोष सोडले. ही हकीकत ऐकून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन हादरले. २६ जुलै १९४८ रोजी त्यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, त्यामागे वुडार्डचे डोळे आहेत. २०१९ मध्ये बसवलेल्या त्या फलकाचा खालचा भाग ब्रेल लिपीत आहे.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का, हा त्यांचा विचार होता. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर पाठवले.

लढले कोणासाठी?

भीमा कोरेगावला गेलो की आपल्याला हा प्रश्न ऐकावा लागतो : इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांचा कसला अभिमान? अमेरिकेतल्या काळ्यांनाही तो टळलेला नाही. गृहयुद्धानंतर १८६६ मध्ये काळ्यांच्या कायम पलटणी उभ्या राहिल्या. त्यांना ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणतात. त्या पश्चिमेकडे पाठवल्या गेल्या, आणि तिथे त्यांचे एक मुख्य काम होते मूळनिवासी अमेरिकनांना जमिनीवरून हटवणे. कॉलिन पॉवेल यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये फोर्ट लेव्हनवर्थ इथे त्यांचे स्मारक झाले. मूळनिवासी कार्यकर्त्यांनी मात्र या गौरवावर वेळोवेळी आक्षेप घेतला आहे, आणि तो आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. एका पीडित समाजाला दुसऱ्यावर सोडण्याची पद्धत सगळ्याच साम्राज्यांत दिसते. त्या सैनिकांचे कष्ट आठवायचे, तर बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला कोण होते तेही त्याच फलकावर यायला हवे.

कोरेगावची गोष्ट एका बाबतीत उलटी आहे. तिथे कंपनी सरकारने नावे लगेच कोरली, ‘नाक’ प्रत्यय असलेल्या नावांसकट. पण १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. दगडावरच्या नावांनी ती थांबवली नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. तेव्हा तो स्तंभ इंग्रजांच्या विजयाची खूण न राहता आपल्या हक्काचा पुरावा झाला. डग्लस यांनी मांडलेला युक्तिवादच जणू आपल्या लोकांनी इथे वापरला.

लढायला नकार देणेही काळ्यांच्या स्मरणात आहे. मुहम्मद अली यांनी १९६७ मध्ये व्हिएतनामला जायला नकार दिला, त्यांचे विजेतेपद गेले. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यू यॉर्कमध्ये त्या युद्धाविरुद्ध भाषण केले. घरी ज्यांना एका शाळेत बसता येत नाही अशी काळी-गोरी मुले परदेशात एकत्र मरतात, ही विसंगती त्यांनी दाखवली. बुद्धाचा मार्ग मानणाऱ्या आपल्या तरुणांनी बफेलो सोल्जर्स वाचताना हे भाषणही सोबत वाचावे. व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. क्रम मृत्यूच्या तारखेचा. हुद्दा नाही, रंग नाही.

दिलेले नाव काढून घेणे

व्हर्जिनियातली एक लष्करी छावणी १९१७ पासून कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या नावाने होती. २७ एप्रिल २०२३ रोजी तिचे नाव ‘फोर्ट ग्रेग-अ‍ॅडम्स’ झाले. अ‍ॅडम्स म्हणजे टपाल बटालियनच्या चॅरिटी अ‍ॅडम्स. आर्थर ग्रेग हे काळे लेफ्टनंट जनरल. तरुणपणी याच छावणीत नेमणूक असताना तिथला अधिकाऱ्यांचा क्लब त्यांच्यासाठी बंद होता. कार्यक्रमाला ते स्वतः हजर होते. लुइझियानातली एक छावणी ‘फोर्ट जॉन्सन’ झाली, हेन्री जॉन्सनच्या नावाने.

दोन वर्षांत सरकार बदलले आणि जून २०२५ मध्ये जुनी नावे परत आली. पण कायद्याने कॉन्फेडरेट माणसाचे नाव देता येत नाही. मग ‘ली’ आडनावाचा दुसरा सैनिक शोधला. तो सापडला प्रायव्हेट फिट्झ ली : दहाव्या घोडदळाचा काळा शिपाई, १८९८ मध्ये क्यूबात जखमींना वाचवल्याबद्दल ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळवणारा. पदक मिळाले त्याच वर्षी, १८९९ मध्ये, तो आजाराने आंधळा होऊन मेला. म्हणजे कागदोपत्री छावणी आजही एका काळ्या सैनिकाच्या नावे आहे आणि फाटकावर मात्र सगळ्यांना हवा तो ‘ली’ वाचता येतो. फिट्झ लीचा याहून मोठा अपमान काय असेल, आम्हाला सुचत नाही. फोर्ट जॉन्सनचे नाव तर सरळ गेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये व्हिएतनाम युद्धातले ‘मेडल ऑफ ऑनर’ विजेते काळे मेजर जनरल चार्ल्स रॉजर्स यांची माहिती संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून उडाली. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ती परत आली.

नेदरलँड्समधल्या मार्ग्राटेन गावी अमेरिकी सैनिकांची दफनभूमी आहे. १९४४-४५ च्या थंडीत, चिखलात तिथल्या कबरी खणण्याचे काम काळ्या सैनिकांच्या कंपनीला दिले होते. तिथल्या आठ हजारांहून अधिक कबरींपैकी प्रत्येक कबर आसपासच्या कोणत्या ना कोणत्या डच कुटुंबाने १९४५ पासून दत्तक घेतलेली आहे. ते फुले आणतात, सैनिकाच्या घरच्यांशी पत्रव्यवहार ठेवतात. आजीकडून नातवाकडे कबर जाते, आणि नव्या कुटुंबांना प्रतीक्षायादीत थांबावे लागते. २०२५ मध्ये तिथल्या माहिती केंद्रातून काळ्या सैनिकांवरचे दोन फलक काढल्याचे गावकऱ्यांच्या लक्षात आले. फलक अमेरिकी सरकारच्या संस्थेचे, त्यामुळे त्यावर गावाचा अधिकार नाही. लोकांनी केंद्राच्या अभिप्रायवहीत निषेध लिहायला सुरुवात केली आणि पाने भरत गेली.